ग्रीन कॉरिडॉरच्या आधीचे तास

संपादक महोदय,

अवयवदानाच्या बातमीचा एक साचा ठरून गेला आहे. अमुक रुग्णालयातून तमुक रुग्णालयात अवयव इतक्या मिनिटांत पोहोचला, वाहतूक पोलिसांनी सिग्नल मोकळे ठेवले, नातेवाइकांनी दुःखातही मनाचा मोठेपणा दाखवला. यातले काहीच खोटे नसते, आणि अशा बातम्या वाचूनच अनेक घरे दानाला तयार होतात. मात्र हृदय चार तासांच्या आत दुसऱ्या छातीत सुरू व्हावे लागते, म्हणून त्याला तो मोकळा रस्ता लागतो. किडनी बर्फाच्या पेटीत चोवीस तासांपर्यंत तग धरते. रस्त्यावर वीस मिनिटे वाचली म्हणून तिचे फारसे काही बदलत नाही. तिचे बरेचसे भवितव्य आधीच, दाता आयसीयूत असताना ठरलेले असते. त्या तासांबद्दल वृत्तपत्रांत जवळपास काहीच छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

आधी मोजायचे काय ते सांगतो. प्रत्यारोपणानंतर पहिल्या आठवड्यात रुग्णाला पुन्हा डायलिसिस करावे लागले, तर त्याला डिलेड ग्राफ्ट फंक्शन म्हणतात. वॉर्डात सगळे नुसते डीजीएफ म्हणतात. नातेवाइकांना सांगितले जाते की किडनी अजून जागी झालेली नाही. बहुतेक वेळा ती जागी होते, पण तोवर रुग्णालयातला मुक्काम लांबतो, बायोप्सी करावी लागते, रिजेक्शन (शरीराने नवी किडनी नाकारणे) आत शिरले तर लवकर लक्षात येत नाही, आणि ज्या घराने आधीच होते नव्हते ते विकलेले असते त्याचे बिल आणखी फुगते. जिवंत नातेवाइकाने दिलेल्या किडनीत हा प्रकार क्वचित दिसतो. मेंदूमृत दात्याच्या किडनीत तो नेहमीचा आहे. पेटीतला थंड काळ हे त्याचे एक कारण. दुसरे कारण म्हणजे ती किडनी दात्याच्या शरीरातूनच मार खाऊन निघालेली असते.

मेंदूस्तंभ मरताना शरीरात एकापाठोपाठ एक दोन उलट गोष्टी घडतात. आधी अॅड्रेनलिनचा लोट येतो: नाडी धावते, प्रेशर दोनशेच्या वर जाते, किडनीच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. हे थोडाच वेळ टिकते. मग रक्तवाहिन्यांवरचा ताबा सुटतो आणि प्रेशर कोसळते. पहिल्या टप्प्यात लाबेटॅलॉलसारखे प्रेशर उतरवणारे, लांब टिकणारे औषध दिले की दुसऱ्या टप्प्यात तेच अंगलट येते. तिथे मिनिटांत उतरणारे एस्मोलॉल बरे. शिवाय आधीचे दोन-तीन दिवस मेंदूची सूज कमी करण्यासाठी मॅनिटॉल आणि तीन टक्क्यांचे सलाईन चाललेले असते, त्यामुळे शरीर कोरडे आणि सोडियम चढलेले. मेंदू वाचवायचा होता तोवर ते योग्यच होते. मृत्यूच्या प्रमाणपत्रावर सह्या झाल्या की उद्दिष्ट बदलते. औषधांचा तक्ता मात्र आपोआप बदलत नाही. ‘सीटी ऑल’ (सगळे आधीसारखेच चालू ठेवा) एवढ्या एका ओळीवर मॅनिटॉल दुसऱ्या दिवशीही जात राहते, अमिकासिन किंवा कोलिस्टिन या किडनीला जड जाणाऱ्या अँटिबायोटिकची गरज संपली असली तरी ते थांबत नाही. म्हणून दुसरी अॅप्निया टेस्ट (व्हेंटिलेटर काढून शरीर आपणहून श्वास घेते का हे पाहणारी, मेंदूमृत्यूच्या निदानातली चाचणी) संपताच पहिले काम कागदाचे: जुना तक्ता रद्द करून नवा लिहायचा.

इथे आमचा अनुभवी सहकाऱ्यांशीही वाद होतो. ‘आता राहिलेच काय’ ही भावना आयसीयूत नकळत पसरते. ज्युनिअर डॉक्टर दुसऱ्या खाटेकडे वळतो, तासाची नोंद चार तासांनी होते. खरे तर मेंदूमृत दाता हा आयसीयूतला सर्वांत अस्थिर रुग्ण असतो, आणि त्याच्या खाटेवर आणखी दोन अनोळखी किडनीरुग्णांचे उपचार चाललेले असतात. तेव्हा नर्सची नेमणूक एकास एक हवी. ती वाढवायची सोडून तेव्हाच कमी होते.

सर्वाधिक गफलत लघवीच्या बाबतीत होते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. पिट्युटरी ग्रंथी मेली की पाणी धरून ठेवणारे संप्रेरक बंद होते आणि बहुतेक दात्यांना डायबेटिस इन्सिपिडस (डीआय) होतो; साखरेच्या मधुमेहाशी त्याचा संबंध नाही. साठ किलोच्या माणसाला ताशी तीस ते एकशेऐंशी मिली लघवी ठीक. ती ताशी अडीचशेच्या वर गेली, पाण्यासारखी फिकट झाली, विशिष्ट गुरुत्व १.००५ च्या खाली आले आणि सोडियम १४५ ओलांडून वर निघाले, की निदान झाले. प्रत्यक्षात होते असे: दोन लिटरची युरोबॅग चार तासांत भरते, कोणीतरी ती रिकामी करते, आणि राउंडला सांगितले जाते की किडनी छान चालली आहे. किडनी छान चाललेली नसते, रुग्ण कोरडा होत असतो. पुढच्या दोन तासांत प्रेशर पडते, ते चढवणाऱ्या नॉरअॅड्रेनलिनचा पंप दुप्पट होतो, आणि त्या आवळलेल्या वाहिन्यांचा पहिला फटका किडनीलाच बसतो. युरोबॅगऐवजी तासाचा कप्पा असलेला युरोमीटर लावला की ही गोष्ट पहिल्या तासातच दिसते.

उपाय अवघड नाही. प्रेशर कमी असेल आणि लघवी जास्त असेल तर व्हॅसोप्रेसिन दोन्ही कामे करते: एक युनिट शिरेतून, मग ताशी ०.५ ते २.४ युनिट. पन्नास मिलीच्या सिरिंजमध्ये वीस युनिट भरले की एका मिलीत ०.४ युनिट येते. ताशी तीन मिलीवर सुरुवात करावी. ते सुरू झाले की नॉरअॅड्रेनलिन खाली आणता येते, आणि तोच खरा फायदा. प्रेशर ठीक आहे, नुसती लघवीच जास्त आहे, तर डेस्मोप्रेसिन १ ते ४ मायक्रोग्रॅम शिरेतून. त्याचा नाकातला फवारा अशा दात्यात शोषला जाईलच याचा भरवसा नाही. व्हॅसोप्रेसिनच्या चार अँप्युल फ्रिजमध्ये असणे ही कुठल्याही आयसीयूला झेपणारी गोष्ट आहे. रात्री दोन वाजता मेडिकल दुकाने पालथी घालणे ही नाही.

गेलेले पाणी भरून काढतानाही एक खड्डा आहे. सोडियम चढले म्हणून पाच टक्के डेक्स्ट्रोज ताशी तीनशे मिली लावले, तर तासाला पंधरा ग्रॅम साखर जाते. इन्सुलिन नसेल तर रक्तातली साखर तीनशेपार, आणि मग साखरेमुळे लघवी आणखी वाढते. डॉक्टर म्हणतो डीआय आटोक्यात येत नाही, आणि औषध वाढवतो. त्यापेक्षा रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीतून) साधे पाणी द्यावे, डेक्स्ट्रोज द्यायचेच तर सोबत इन्सुलिनचा पंप, आणि साखर १८० च्या आत. पोटॅशियम, मॅग्नेशियम लघवीतून वाहून जातात, ते दर चार तासांनी पाहून भरावे. प्रेशर सावरायला शिरेतून देतात त्या हायड्रॉक्सीएथिल स्टार्चची बाटली मात्र दात्याच्या खाटेपासून लांब ठेवावी. ते दिलेल्या दात्यांच्या किडन्या उशिरा काम करू लागतात, हे फ्रान्समधल्या चाचणीने १९९६ मध्येच दाखवले होते.

बाकीची उद्दिष्टे आज बहुतेक देशांत सारखीच आहेत: मीन प्रेशर ६५ च्या वर, तेही शक्यतो एकाच प्रेशरच्या औषधाच्या कमी मात्रेवर, सोडियम १५५ च्या खाली, पीएच ७.३ ते ७.४५, लघवी किलोमागे ताशी अर्धा ते तीन मिली. भारतीय क्रिटिकल केअर सोसायटीने २०१७ मध्ये दात्याच्या देखभालीची मार्गदर्शक सूचना छापली आहे, तिथे सगळे तपशील मिळतात. सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) मानेत असावी. जांघेतली लाइन शस्त्रक्रियेत पोटातली मुख्य शीर बंद केली की निरुपयोगी ठरते.

आता तापमान. हा भाग आपल्याकडे फारसा कोणी बोलत नाही, आणि आमच्या मते सर्वांत स्वस्त संधी तिथेच आहे. पूर्वापार शिकवण अशी की दात्याला गरम ठेवा. २०१५ मध्ये अमेरिकेत क्लाउस नीमन, डॅरेन मालिनोस्की आणि सहकाऱ्यांनी उलटे करून पाहिले: ३७० मेंदूमृत दात्यांपैकी निम्म्यांना ३४ ते ३५ अंश सेल्सिअसवर ठेवले, निम्म्यांना ३६.५ ते ३७.५ वर. थंड ठेवलेल्यांच्या किडन्या मिळालेल्या रुग्णांत डीजीएफ २८ टक्के, गरम ठेवलेल्यांत ३९ टक्के. ज्येष्ठ किंवा रक्तदाब असलेल्या, म्हणजे ज्यांची किडनी घ्यावी की नाही असा प्रश्न पडतो, अशा दात्यांत फरक आणखी मोठा: ३१ विरुद्ध ५६ टक्के. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी आधीच थांबवली गेली. औषध नाही, यंत्र नाही, दोन अंशांचा फरक.

पुढची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण उत्साहात ती गाळली जाते. त्याच गटाने २०२३ मध्ये ७२५ दात्यांच्या १,३४९ किडन्यांवर थंड दाता आणि यंत्रातली किडनी यांची तुलना केली. यंत्र म्हणजे बर्फात नुसती ठेवण्याऐवजी किडनीतून थंड द्रव सतत फिरवणारा पंप. डीजीएफ थंड दात्यांत ३० टक्के, यंत्रावर १९ टक्के, दोन्ही केल्यास २२ टक्के. म्हणजे यंत्र सरस, आणि त्यावर थंडीची भर घालून काही मिळाले नाही. एका वर्षानंतर किडनी टिकण्याचे प्रमाण तिन्ही गटांत सारखेच होते. तेव्हा थंडीमुळे किडनी जन्मभर टिकते असा दावा कोणी करू नये. वाचतात ते पहिल्या आठवड्यातले डायलिसिस आणि त्याचा खर्च. मात्र महाराष्ट्रात आणि गोव्यात आजही बहुतेक किडन्या तीन पिशव्यांत, बर्फाच्या पेटीत प्रवास करतात. जिथे पंप आहे तिथे पंप वापरावा. जिथे पेटीच आहे, तिथे २०१५ चा निकाल आपल्याला लागू पडण्यासारखा आहे.

करायचे कसे? मेंदूमृत शरीराचा तापमानावरचा ताबा गेलेलाच असतो, आणि ते कुडकुडतही नाही. आयसीयूच्या एसीत पांघरूण काढले, सलाईन गरम करणे थांबवले की ते आपणहून ३५ कडे सरकते. लागल्यास थंड पाण्याची चादर. अवघड काम खाली नेण्याचे नसून ३४ वर थांबवण्याचे आहे: त्याखाली रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, हृदयाची लय बिघडू लागते. म्हणून काखेतला थर्मामीटर चालत नाही. अन्ननलिकेत किंवा मूत्राशयात प्रोब हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे, हे सारे दुसरी तपासणी पूर्ण होऊन सह्या झाल्यावर आणि नातेवाइकांची संमती मिळाल्यावरच. १९९४ च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासते, आणि त्या तपासणीत शरीर थंड असेल तर निदानच अग्राह्य ठरते. तोवर दात्याला ३६ च्या आसपास गरमच ठेवायचे. अंत्यदर्शनाला आलेल्या घरच्यांना हात गार लागेल, हे समन्वयकाने आधीच सांगून ठेवावे. न सांगितल्यास आयत्या वेळी शंका उभी राहते आणि ती रास्तही असते.

औषधांबाबत मात्र फार आशा धरू नये. चार मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट डोपामिनने जर्मनीतल्या चाचणीत (२००९, २६४ दाते) वारंवार डायलिसिस लागण्याचे प्रमाण ३५ वरून २५ टक्क्यांवर आणले. जिवंत रुग्णांच्या किडनीसाठी डोपामिन केव्हाच निकाली निघाले असताना मृत दात्यात ते कामाला यावे, ही गंमतच. पण ते दाते स्थिर होते, आणि नाडी वाढताच औषध थांबवायचे होते. स्टेरॉइडच्या एक ग्रॅमच्या डोसाने किडनीला फायदा झाला नाही. प्रेशर सावरायला हायड्रोकॉर्टिसोन द्यावे ते वेगळे. थायरॉइड संप्रेरकाचा पंप आपल्याकडे अजून प्रतिष्ठेचा मानतात. २०२३ मध्ये ८३८ दात्यांवरच्या चाचणीत त्याने प्रत्यारोपणासाठी मिळणारी हृदये वाढली नाहीत, प्रेशर आणि नाडी मात्र काहींची चढली. सवयीने तो लावण्याचे कारण उरलेले नाही.

दात्याच्या क्रिएटिनिनबद्दल, म्हणजे किडनीचे काम मंदावले की रक्तात चढणाऱ्या आकड्याबद्दल, एक शब्द. आकडा तीनवर गेला की किडनी नाकारण्याची घाई होते. तरुण दाता, आधीचे क्रिएटिनिन नॉर्मल, आणि चढण गेल्या दोन दिवसांतली असेल, तर ती बहुधा भरून येणारी इजा असते; अमेरिकेतल्या मोठ्या निरीक्षणांत अशा किडन्या सुरुवातीला उशिरा चालल्या, पण पुढे इतरांइतक्याच टिकल्या. सहा-आठ तास नीट देखभाल केली की अनेकदा तोच आकडा उतरतो. म्हणूनच बिघडलेल्या दात्याला घाईने ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्यापेक्षा आधी सावरू द्यावे.

घेणाऱ्या रुग्णाच्या बाजूचीही एक सवय मोडायची आहे. नव्या किडनीच्या रुग्णाला पोटॅशियमच्या भीतीने साधे नॉर्मल सलाईन लिटरमागून लिटर दिले जाते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या २०२३ च्या चाचणीत, मृत दात्याची किडनी मिळालेल्या ८०८ रुग्णांत, सलाईनवर डीजीएफ ४० टक्के आणि प्लाझ्मालाइटवर (क्लोराइड कमी असलेल्या, रक्ताशी मिळत्याजुळत्या क्षारांच्या द्रवावर) ३० टक्के होते. सलाईनमधल्या क्लोराइडने रक्त आम्लधर्मी होते आणि त्यानेच पोटॅशियम चढते. नुसती बाटली बदलायची आहे.

आणि पेटीतला वेळ जातो कुठे? रस्त्यावर नव्हे. क्रॉसमॅचच्या (दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळते का हे पाहणाऱ्या चाचणीच्या) अहवालाची वाट पाहण्यात, यादीतल्या रुग्णाला रात्री गावाहून बोलावण्यात, त्याचे डायलिसिस उरकण्यात, सकाळच्या ठरलेल्या शस्त्रक्रियांमध्ये थिएटर मिळण्यात. दात्याचे रक्त संमती मिळताच, किडनी काढण्याच्या कित्येक तास आधी क्रॉसमॅचला गेले तर यातला मोठा भाग वाचतो. पहिली किडनी साधारणपणे त्याच रुग्णालयात लागते. दुसरी, जी विभागीय यादीत जाते, तिची प्रतीक्षा लांबते.

पैशांचा प्रश्न टाळता येणार नाही. २०१४ च्या नियमांनुसार मेंदूमृत घोषित झाल्यानंतरच्या देखभालीचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेता येत नाही. तो घेणारा रुग्ण, संस्था किंवा शासन यांनी उचलायचा आहे. नियम चांगला आहे. पण नेमका कोणी, किती आणि कधी, हे स्पष्ट नसले की खर्चाचे मीटर चालू असल्याची जाणीव आयसीयूत राहते आणि दात्याला ‘लवकर’ थिएटरमध्ये न्यावे असे वाटू लागते. प्रत्यारोपण न करणाऱ्या, केवळ अवयव काढण्याची परवानगी असलेल्या छोट्या रुग्णालयांत ही अडचण जास्त. तिथे इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचा तज्ज्ञ डॉक्टर) एकच असतो, त्यालाही झोप लागते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय समित्यांनी अशा ठिकाणी दाता घोषित होताच फोनवर चोवीस तास सल्ला देणारा आणि गरज पडल्यास दोन सिरिंज पंप, प्रोब व व्हॅसोप्रेसिन घेऊन पोहोचणारा एक डॉक्टर ठेवावा, अशी आमची ठोस मागणी आहे.

दुसरी मागणी नोंदींची. प्रत्येक दात्याचा तासागणिक तक्ता, दोन्ही किडन्यांचा थंड काळ आणि घेणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागले का, हे तीन आकडे एकत्र ठेवावेत आणि विभागवार दरवर्षी प्रसिद्ध करावेत, रुग्णांची नावे न देता. देशभरात वर्षाकाठी मृत दाते हजारभरच होतात. त्यामुळे तापमानाची चाचणी आपल्याकडे करायची तर एका शहराला ती जमणार नाही. चारही विभाग, गोवा आणि शेजारची राज्ये एकत्र यावी लागतील. अमेरिकेतल्या चाचणीत किडनी पुढे कशी चालली ही माहिती राष्ट्रीय नोंदवहीतून मिळाली. आपली नोंदवही तेवढी भरलेली असेल तरच ते शक्य आहे.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी अवयवदानाची बातमी करताना मिनिटांसोबत हेही विचारावे: घोषणेनंतर दात्याजवळ रात्रभर कोण होते, दुसरी किडनी पेटीत किती तास राहिली, आणि आठ दिवसांनी दोन्ही रुग्णांचे डायलिसिस बंद आहे का. तिसऱ्या प्रश्नासाठी आठ दिवसांनी पुन्हा फोन करावा लागेल.

आपले,
अतिदक्षता व मूत्रपिंडविकार विभागांत काम करणारे काही डॉक्टर आणि प्रत्यारोपण समन्वयक, पुणे